वैदिणीची बारी

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे भांडण. भांडण एका बाटलीवरून झालं, आणि ती बाटलीही खरी नव्हती. लॅपटॉपमधल्या खेळातली होती.

दुपारची वेळ. होळी होऊन आठेक दिवस झाले होते. समोरच्या खोलीत कापसाचा ढीग, माझ्या छातीला लागेल एवढा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्या ढिगाला पाठ लावून आम्ही नवरा-बायको बसलो होतो. मधात पाट, पाटावर लॅपटॉप, तिच्या हाताखाली माउस. पडद्यावर दगडाचा राक्षस उभा होता आणि त्याच्यापुढे आमची चार माणसं. चारही अर्धमेली.

"मी ती सोन्याची बाटली काढून राह्यली," ती म्हणाली.

"हात लावू नको. ते राजासाठी ठेवली आहे."

"राजा दिसते तरी का कुठं? मारून त हा राह्यला."

"लाल बाटली दे ढालवाल्याले. निभून जाते."

"नाही निभत. आता एक फटका पडला का वैदीण गेली. मंग राजापुढं बाटली घेऊन काय आरती करसान?"

"तुले काही समजत नाही."

"मले समजत नाही? अवो, हा कापूस कोनाच्या समजेनं पडला आहे घरात? दिवाळीपासून मी याच्या वाती करून राह्यली, न तुम्ही भाव चढायची वाट पाहून राह्यले."

हे तिनं बरोबर जागी मारलं. स्वयंपाकघरातून दाळ लागल्याचा वास आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, लुगड्याला चिकटलेला कापूस झटकला आणि जाता जाता म्हणाली, "बारी माझी आहे. मी आल्याबिगर हात लावू नका."

मी हात लावला नाही.

थोड्या वेळानं आवाज दिला, "अवं, ये न लवकर." उत्तर नाही. पुन्हा दिला. मग उठून गेलो. ती ओट्याला टेकून खाली बसली होती. गॅस बंद केला होता. दाळीवर झाकण ठेवलं होतं. तेवढं सगळं करून मग बसली होती. ऑटो आला, दवाखाना झाला, डॉक्टरनं हृदयाचा झटका सांगितला. दिवस मावळायच्या आत ती संपली. याच्याहून जास्त मी त्या दिवसाबद्दल लिहीत नाही. मला जमत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. ती सातवी शिकलेली, आणि हे तिनं मला जन्मभर विसरू दिलं नाही. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर होतो. सरकीपासून रुई वेगळी करणारे रेचे असतात, त्यांचे रोलर बदलायचे, पट्टे ओढायचे, बेअरिंग बसवायचे, हे माझं काम. गावात दोन एकर वावर, त्यात कापूस. तर आमचं सगळंच कापसावर. घरी पिकायचा तो कापूस आणि कामावर रेच्यात जायचा तोही कापूस.

ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडात गुलाबी अळी, बाजारात भाव नाही. पूर्वी जिनिंग होळीपर्यंत धडधडत राहायची, ती आता संक्रांतीलाच गप व्हायला लागली. त्या हंगामात तर मला बोलावणंच नव्हतं; मालक म्हणे, माल येईल तेव्हा बोलावतो. माल येत नसे, कारण माल लोकांच्या घरात भरलेला. आमच्याकडे रीतच आहे ती. भाव पडला की कापूस विकायचा नाही, समोरच्या खोलीत भरायचा आणि वाट पाहायची. पाहुणा आला तर तो कापसावरच बसतो. लेकरं कापसावर झोपतात. सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते, माल वाळून हलका होतो, पांढरा होता तो पिवळा पडतो, पण माणूस म्हणतो थांबू आणखी पंधरा दिवस. मी तर सगळ्या गावात जास्त थांबणारा. तिचं म्हणणं दर वर्षी एकच, येचला की विका. माझं म्हणणं दर वर्षी एकच, पुढं पाहू.

लॅपटॉप मुलीचा. ती लग्न होऊन नागपूरला असते, तिथं नोकरी करते. त्या दिवाळीला नवा घेतला आणि जुना आमच्याकडे ठेवून गेली. दिवाळीत ती त्याच्यावर हा खेळ खेळायची आणि तिची माय मागे बसून टीव्हीवरची मालिका पाहावी तसं पाहायची. मुलगी जायच्या आदल्या दिवशी माय म्हणाली, "मले शिकव."

मुलगी हसली. "माय, हा खेळ माझ्या ऑफिसातल्या पोरायले जमत नाही. गयरा कठीण आहे."

"तुले जमते न? तू कोनाच्या पोटची आहे?"

मग मुलीनं शिकवलं. खेळात चार माणसं घेऊन गुहेत जायचं. एक ढालवाला, तो पुढं उभा राहून मार खातो. एक तीरवाला. एक जादूवाली, ती आग फेकते. आणि एक वैदीण, तिनं बाकीच्यांच्या जखमा भरायच्या. त्यांची खेळातली नावं इंग्रजीत होती, ती आम्ही कधी घेतली नाहीत. ढालवाला आणि तीरवाला मी घेतले. दोघी बाया तिच्याकडे.

मला पहिल्यांदा पोरखेळ वाटला. पण एक गोष्ट त्यात मला पटली. हा खेळ बारीचा आहे. आपली बारी आली की समोरचा राक्षस हातातलं सोडून थांबून राहतो. तुम्ही विचार करा, चहा करून आणा, जेवून घ्या, तो थांबतो. तुमची बारी झाली की मग त्याची. रेच्यापुढे जन्म घालवला मी. तिथं मशीन कोणासाठी थांबत नाही. माझं एक बोट त्यातच गेलं. आणि इथं एवढा मोठा राक्षस माझ्यासारख्या माणसासाठी उभा राहतो, हे मला मोठं वाटलं.

तिला दुसरंच आवडलं. म्हणाली, "यात कोनी कोनाच्या मधात बोलत नाही. तुमाले शिकण्यासारखं आहे."

कठीण मात्र खरोखरच होता. पहिले पंधरा दिवस आम्ही नुसते मरत होतो. तीर मारायच्या आधी खेळ सांगतो की नेम लागायचा अंदाज शंभरात नव्वद. आणि तीर जातो भलतीकडे. मी म्हणायचो, "नव्वद म्हणते न चुकते! हे त रेडिओवर पाऊस सांगते तसं झालं." ती इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढून ठेवायची. लाल बाटली, एकाची जखम. निळी बाटली, जादूवालीचा दम. भुताला आग चालत नाही. सापाला ढाल चालत नाही. ते कॅलेंडर भिंतीला उलटं टांगलं होतं. तारीख पाहायची असली की उचलून पाहावी लागे.

आणि या खेळात मागं जाता येत नाही. प्रत्येक बारी झाली की तो आपोआप जपून ठेवतो. लाइट गेली, लॅपटॉप बंद पडला, तरी उघडल्यावर जिथं होतं तिथूनच सुरू. चूक केली तर केली. आणि माणूस मेला तर मेला. खेळातल्या गावात परतल्यावर त्याच्या जागी नवा मिळतो, पण तो नवाच असतो. त्याला काही येत नसतं.

आमचा पहिला ढालवाला असाच मेला. महिनाभर सोबत होता. त्या दिवशी तिनं माउस खाली ठेवला आणि म्हणाली, "आज नाही खेळायचं." दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. मी हसलो. "आता काय तेरवी करतं का त्याची? चित्रातला माणूस तो."

"चित्रातला का असेना," ती म्हणाली, "रोज दुपारी आपल्यासोबत बसत होता."

मला तेव्हा समजलं नाही. लोकांना हे बोलणं सांगून हसलोसुद्धा.

आता ती बाटली. पहिल्याच गुहेत एका पेटीत आम्हाला सोनेरी बाटली सापडली. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अरे वा! ती फोडली का चारही जन एकदम ठणठणीत होते. मरायला टेकलेले असले तरी. पण एकच आहे, सांभाळून." सांभाळून म्हटलं ते मी धरून बसलो. पुढे चार महिन्यांत किमान दहा वेळा बाटली काढायची वेळ आली आणि दहाही वेळा मी म्हटलं, पुढं लागेल. त्या बाटलीपायीच तो पहिला ढालवाला गेला, खरं सांगायचं तर. बाटली थैलीत होती. मी काढू दिली नाही. त्या गुहेच्या तळाशी एक राजा आहे म्हणतात, त्याच्यासाठी मी ती ठेवत होतो. तो राजा आम्ही कधी पाहिलाही नव्हता.

ती गेल्यावर मुलगी आली आणि तेरवीपर्यंत राहिली. माणूस गेला की दिवा ठेवतात, तो ती टेकून बसली होती तिथं, स्वयंपाकघरातच ठेवला होता, ते एक बरं झालं. समोरच्या खोलीत दिवा लावायची सोयच नव्हती, ठिणगी उडाली तर घर जळून जाईल. लॅपटॉप कोणीतरी झाकून पाटावरच ठेवला. लोक आले, कापसावर बसले, गेले.

बाकी खोलीभर लोक बसले, पण त्या एका जागी मी कोणाला बसू दिलं नाही. कापसाला पाठ लावून रोज रोज बसलं की खळगा पडतो. ढिगाला दोन खळगे पडले होते. एक माझा, मोठा. त्याच्या बाजूला तिचा, लहान, आणि डाव्या बाजूला जास्त दबलेला, कारण ती डाव्या कोपरावर टेकायची. मी तिथं माझं उपरणं टाकून ठेवलं, म्हणजे जागा कोणाची तरी आहे असं वाटावं.

तेरवी झाल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, कापूस विकून टाका न नागपूरले चाला."

"भाव नाही."

"भाव येणार आहे का?"

"येईन. पुढं पाहू."

ती म्हणाली, "माय असती त काय म्हणाली असती, माहीत आहे न?"

भावाचं कारण खोटं होतं. त्या वर्षी भाव येणार नाही हे मला कळत होतं, एवढी वर्षं जिनिंगमध्ये काढली मी. कापूस विकला तर खळगा जाणार होता. पण हे मुलीला कसं सांगायचं? आपला बाप कापसातल्या खड्ड्यासाठी घर अडवून बसला आहे, असं तिनं सासरी काय सांगायचं?

मुलगी नागपूरला परत गेली. मी एकटा. सकाळी दोन भाकरी टाकायचो, एक सकाळी खायची, एक रात्री. खरं तर पुष्कळदा दोन्ही उरायच्या.

एका दुपारी वायर लावून लॅपटॉप उघडला. चैत्र लागला होता. मला वाटलं होतं सगळं पुसलं गेलं असेल. पण चित्र आलं, आणि तेच. दगडाचा राक्षस हात वर करून उभा. आमचे चार जण उभे. आणि वैदिणीच्या पायाखाली पिवळा गोल, म्हणजे बारी तिची. एक गोष्ट मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. उभी असताना वैदीण श्वास घेते. खांदे वर येतात, खाली जातात. महिनाभर झाकणाखाली ती तशीच उभी होती, श्वास घेत, आपली बारी धरून.

मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. पाहिलं. लावलं. मग तो नेमच झाला. दुपारी उघडायचं, पाच-दहा मिनिटं बसायचं. माउसला हात लावायचा नाही, कारण तिनं सांगितलं होतं लावू नका. आणि भीतीही होती. बारी खेळायची म्हणजे काहीतरी करावं लागणार. वैदिणीच्या अंगात जीव एवढासाच राहिला होता, नखाएवढी लाल रेघ. माझ्याकडून चुकलं आणि राक्षसाचा हात तिच्यावर पडला, तर ती मेली. आणि या खेळात मेली म्हणजे मेली. माझ्या हातानं ती दुसऱ्यांदा मरावी हे मला नको होतं. न खेळलं तर ती जिवंत. एवढा सोपा हिशेब होता माझा.

पण लॅपटॉपमधून आवाज यायला लागला. माणसाचं वय झालं तरी फिटरचा कान जात नाही. आतला पंखा घासत होता. बेअरिंग सुकलं की असाच आवाज येतो, आधी कधी कधी, मग रोज, मग एक दिवस काहीच येत नाही. मी ओळखलं, हे मशीन आता जाणार. आणि ते गेलं म्हणजे वैदीणही गेली. तेव्हा न खेळून ती वाचत नव्हती.

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि एसटीनं दिग्रसला गेलो. बाजारात एक जुना मेकॅनिक आहे, मुसलमान, माझ्याच वयाचा. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता हे. त्यानं स्क्रू काढले, मागचं झाकण उचललं आणि मला हाक मारली. "मिस्त्री, इधर आओ. देखो."

पाहतो तर आत सगळी रुई. पंख्याच्या पात्यांवर, जाळीत, कोपऱ्यात, पांढरी पांढरी घट्ट बसलेली.

"कहाँ रखते थे इसको? गादी कारखान्यात?"

"कापसाच्या ढिगाजवळ."

"जिनिंग में जिंदगी गई तुम्हारी, और मशीन को कपास के बाजू में रखा? तुमको तो मालूम होना."

मालूम होतं. रेच्यात रुई अडकली तर मोटर जळते, हे मी नव्या पोरांना शिकवत होतो. घरात मात्र डोळ्यापुढे असून दिसलं नाही. माझ्या ठेवून ठेवलेल्या कापसानंच ते मशीन गुदमरवलं होतं.

त्यानं ब्रश घेतला, मी चिमटा घेतला, दोघांनी मिळून साफ केलं. पंख्याला तेलाचा थेंब दिला. मग तो चष्मा वर करून म्हणाला, "अभी चलेगा. पण गर्मी खाल्ली आहे यानं. किती दिवस चलेगा ते मी नाही सांगू शकत. जो काम का है, निकाल लो. फोटो-बिटो आहे का काही?"

"फोटो नाही," मी म्हटलं. "एक बारी आहे."

त्याला समजलं नाही. पण त्याचीही बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि त्यानं जास्त विचारलं नाही. चहा पाजला.

घरी येऊन मी मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. बाटलीचं भांडणही सांगितलं. ते तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. आमचं शेवटचं बोलणं भांडण होतं हे सांगायची लाज वाटत होती.

ती म्हणाली, "बाबा, तुमाले काय वाटते, तुम्ही तिची बारी खेळणार आहे?"

"मंग?"

"तिची बारी तिनंच खेळली. तिनं सांगतलं न, सोन्याची बाटली काढून राह्यली म्हणून? ते तिची बारी. तुम्ही हात धरला तिचा. आता सोडा."

"न राजा आला त?"

"आला त आला! बाबा, तुम्ही त लय..." आणि ती हसायला लागली, रडत रडत हसायला लागली. "माय म्हणत होती मले फोनवर, तुह्या बापाले सोरगात जागा भेटली तरी म्हणन, थांबू, पुढं याच्याहून चांगली भेटन."

मीही हसलो. फोन खाली ठेवला तेव्हा ऊन दारापर्यंत आलं होतं.

मी पाट ओढून कापसापासून दूर केला, दाराजवळ, जमिनीवर. उलट्या कॅलेंडरवरचं चित्र एकदा पाहून घेतलं. तिनं सोनेरी बाटलीच्या चित्रापुढे काही लिहिलं नव्हतं, फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते माझ्यासाठी असावं. मग माउस धरला. थैली उघडली. बाटलीवर बाण नेला.

दाबलं.

सोनेरी उजेड झाला आणि चारही माणसं ताठ उभी राहिली. वैदिणीची लाल रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली. राक्षसाचा हात खाली आला तो तिच्यावरच आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली होती आणि उभी होती. लाल बाटली दिली असती तर त्या फटक्यात ती गेली असती. म्हणजे तिचं बरोबर होतं. सातवी शिकलेलीचं.

पुढची लढाई लांबली. कधी मी माझ्या बाजूनं खेळायचो, कधी तिच्या. तिच्या बाजूनं खेळताना तिच्यासारखं खेळायचो, म्हणजे जे असेल ते वापरून टाकायचो, मागं ठेवायचं नाही. निळ्या बाटल्या संपवल्या. नव्वदचा नेम दोनदा चुकला आणि मी दोनदा शिवी दिली. तीरवाला मेला. माझाच होता, शेवटपर्यंत उभा राहिला. मी माउस ठेवून थोडा वेळ बसलो त्याच्यासाठी. मग जादूवालीनं आग टाकली, आणि तो एवढा मोठा दगडाचा माणूस गुडघ्यावर बसला आणि फुटला.

त्याच्या मागे एक पेटी होती. उघडली. आत सोनेरी बाटल्या होत्या. दोन.

मी असा हसलो की शेजारची बाई दारात येऊन पाहून गेली. चार महिने मी एका बाटलीवर साप होऊन बसलो होतो, आणि पुढच्या दाराआड तशाच दोन पडल्या होत्या. हे तिला सांगावं म्हणून मी बाजूला वळलो. तिथं माझं उपरणं होतं, आणि त्याच्याखाली तो खळगा.

मी ते उपरणं उचललं. एवढ्या दिवसांत खळगा बराच वर आला होता. कापूस दबलेला राहत नाही, तो हळूहळू फुगतो. डावी बाजू तर कळतच नव्हती. मी ज्याची राखण करत होतो ते माझ्या डोळ्यांदेखत भरून येत होतं, आणि कापूस पिवळा पडत होता, तो वेगळाच.

गावात ज्याची मालवाहू गाडी आहे त्याला मी फोन केला. "उद्या सकाळी गाडी आण. कापूस न्यायचा आहे."

"काका, तब्येत बरी आहे न?" तो म्हणाला. "भाव त आला नाही अजून."

"माहीत आहे. गाडी आण."

रात्री दोन्ही भाकरी खाल्ल्या.

सकाळी गाडी दारात लागली. भरायला दोन माणसं आली होती. त्यांनी विचारलं, कुठून सुरू करायचं, दाराजवळून का? भरायची रीत तीच असते, दाराकडून आत. मी म्हटलं, थांबा, पहिलं गाठोडं मी बांधतो. दिव्याच्या वाती होतील एवढा कापूस काढून खिशात घातला. मग चादर पसरली, तिच्या जागेत दोन्ही हात खुपसले आणि पहिली कवळ तिथूनच काढली. ती जागा शेवटी ठेवली असती, तर मी पुन्हा ठेवूनच दिली असती.